पंखांच्या बिल्ल्यावरची वाफ

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. पितळेचा, वर सोनेरी मुलामा दिलेला, करंगळीएवढा लांब. मला दोन पंख आहेत, पण उडायला येत नाही. कोणी छातीवर लावलं की मी उडतो, काढून ठेवलं की पडून राहतो. सध्या मी उज्जैनमध्ये, फ्रीगंजातल्या एका घरात, काळभैरवाच्या तसबिरीशेजारी पडून आहे. विमानाचा बिल्ला देवघरात कसा आला, असं तुम्ही विचाराल. खरं सांगतो, मलाही ते नीट उमजलेलं नाही. जेवढं पाहिलं तेवढं सांगतो. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळलं तर चांगलंच.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका दिवसात आम्ही तीनशे भावंडं साच्यातून बाहेर पडलो. मागे टाचणी डकवताना माझी टाचणी जरा तिरपी बसली. तपासणाऱ्या माणसाने मला दोनदा उलटसुलट केलं. तो मला टाकाऊ डब्यात टाकणारच होता, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि घाईत मी चांगल्यांच्या डब्यात पडलो. त्या घंटेचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

पुढे एका विमान कंपनीच्या सभागृहात मला अश्लेषाच्या कोटावर लावलं. तिचं हवाई सुंदरीचं प्रशिक्षण त्या दिवशी संपलं होतं. माझ्या तिरप्या टाचणीने तिला टोचलं, पण ती हसत राहिली, कारण समोर फोटो काढत होते. कोटाच्या आत तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की मला वाटलं, विमान सुरू झालं.

ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माईने, आधी मला ओवाळलं आणि मग मुलीला. माझ्या दोन्ही पंखांना हळद-कुंकू लावलं. हळद निघून गेली, पण कुंकवाचा एक कण उजव्या पंखाच्या खाचेत अडकला तो अडकलाच. पुढे कंपनीत पोशाख तपासणारी बाई दर महिन्याला म्हणायची, "हा लाल डाग काढ." अश्लेषा हो म्हणायची आणि काढायची नाही.

अश्लेषाचे बाबा, श्रीनाथराव, रेल्वेत गार्ड होते. हिरवी-लाल झेंडी दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी मला तळहातावर घेऊन वजन केलं आणि म्हणाले, "आमच्या बिल्ल्यापेक्षा हलका आहे. पण जबाबदारी तीच, बेटा. गाडी असो की विमान, ड्यूटीवर उभं राहायचं तर सरळ उभं राहायचं."

"अहो, आली नाही तोच सुरू झालात," माई म्हणाली. "आधी पोहे खाऊ द्या तिला."

मित्रांनो, त्या वर्षांमध्ये मी फार सुखात होतो. कामावर निघण्याआधी अश्लेषा मला ओठांजवळ धरायची, "हा" करून माझ्यावर श्वास सोडायची आणि बाहीने पुसायची. माझ्यावर वाफ जमायची, क्षणात उडायची, आणि मी लख्ख व्हायचो. अशा हजारो वाफा मी अंगावर घेतल्या. तिच्या श्वासाला कधी वेलचीचा वास असायचा, कधी टूथपेस्टचा. तो वास आला की मला कळायचं, आज उडायचं आहे.

विमानात जाण्याआधी एक अजब प्रकार असायचा. एका खोलीत डॉक्टर बसलेले असत. त्यांच्यापुढच्या यंत्राला एक नळी होती. सगळ्यांनी रांगेत येऊन त्या नळीत फुंकायचं. यंत्रावर शून्य उमटलं की डॉक्टर खूश, अश्लेषा खूश. शाळेत शून्य मिळालं की मुलं रडतात असं मी ऐकलं होतं, म्हणून मी बरेच दिवस गोंधळलेला होतो. पुढे समजलं, की श्वासात दारू आहे का ते यंत्र शोधतं, आणि कामाच्या आधी बारा तास एक थेंबही घ्यायचा नाही असा नियम आहे. नियम सोपा होता. अश्लेषाला तो पाठ होता.

पण दुसरी एक गोष्ट मला सोपी वाटली नाही. आखाती देशांकडे जाणाऱ्या विमानात अश्लेषा ढकलगाडी घेऊन फिरायची. गाडीत लहान लहान बाटल्या असायच्या. ती हसून विचारायची, प्रवासी हसून मागायचे. हे तिचं काम होतं आणि चांगलं केलं तर शाबासकी मिळायची. बाटलीत तेच, ज्याचा वास यंत्राला अजिबात खपत नव्हता. मी पितळेचा आहे. एवढा विचार मला झेपत नाही.

कामाच्या वेळा विचित्र होत्या. आज पहाटे, उद्या मध्यरात्री, परवा दुपारी. झोप कुठल्या कुठे गेली. मुंबईत तिच्यासोबत भार्गवी नावाची मैत्रीण राहायची, तीही त्याच कंपनीत. ती एकदा म्हणाली, "एक छोटा घे, झोप लागेल." भार्गवी एक घेऊन खरंच झोपायची. अश्लेषाही झोपली. मग दोन घेतल्यावर झोपली. मग किती घेतल्यावर झोपली ते मला सांगता येणार नाही, कारण कोट कपाटात असायचा. पण सकाळी ती माझ्यावर "हा" करायची तेव्हा वेलचीखाली आणखी काहीतरी दबलेलं असायचं. यंत्राच्याही आधी मला कळायचं. पण माझ्यावर आकडा उमटत नाही.

ती बोटांवर तास मोजायला लागली होती. नऊ, दहा, अकरा, बारा. बोटं पुरली तर कामावर जायची. नाही पुरली तर फोन करून सांगायची, ताप आहे. एका वर्षात चार वेळा ताप आला.

"आशू, पूर्वी तू पेग मोजायचीस, आता तास मोजतेस," भार्गवी म्हणाली.

"तू नको शिकवू. तूच तर सुरू करून दिलंस," अश्लेषा म्हणाली, आणि दोघी चार दिवस बोलल्या नाहीत.

आता मी त्या रविवाराकडे येतो.

अश्लेषाची बढती झाली होती. विमानातल्या सगळ्या परिचारकांची प्रमुख म्हणून तिचं पहिलं उड्डाण सोमवारी पहाटे इंदूरहून होतं. माईने या बढतीसाठी काळभैरवाला नवस बोलला होता. तुम्ही उज्जैनचे नसाल तर सांगतो. भैरवगढच्या काळभैरवाला दारूचा नैवेद्य असतो. पुजारी थोडी बशीत ओतून देवाच्या ओठांना लावतात, आणि बाटलीत उरलेली प्रसाद म्हणून परत देतात. हे इथे पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे, कोणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. गावातली दारूची दुकानं बंद झाल्यापासून बाटली बाहेरून आणावी लागते. माईने शेजारच्या प्रतिभाकाकूंना सांगून देवासहून एक अद्धा, म्हणजे अर्धी बाटली, मागवला आणि तो फडताळात साबुदाण्याच्या डब्यामागे लपवून ठेवला. घरात कोणी पिणारं नव्हतं, तरी लपवला.

"तो बिल्ला पण घे," माई निघताना म्हणाली. "ज्याच्यासाठी नवस, ते देवाला दाखवायला नको?"

म्हणून मी अश्लेषाच्या ओढणीवर बसून ऑटोने भैरवगढला गेलो. गर्दी खूप होती. पुजाऱ्यांनी बशी देवाच्या ओठांना लावली, बशी रिकामी झाली, अद्धा परत आला. त्यात निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. बाहेर येऊन माईने बाटलीचं झाकण भरून अश्लेषाच्या तळहातावर ओतलं. फार तर चमचाभर.

"माई, उद्या पहाटे ड्यूटी आहे माझी."

"अगं, एवढ्याने काय होतंय. देवाचं आहे. नाही म्हणू नये."

अश्लेषाने तळहात ओठांना लावला. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. मंदिराबाहेरच्या फुलवाल्याचा रेडिओ चालू होता, त्यावर वेळ सांगितली.

घरी आल्यावर माईने उरलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, भैरवगढी छाप्याच्या लाल फडक्यात ती गुंडाळली आणि अश्लेषाच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवली. "भार्गवीला दे. तुझ्या बाकीच्या मैत्रिणींना पण चमचा चमचा दे. प्रसाद एकट्याने ठेवून घ्यायचा नसतो." लाडूचा डबा द्यावा तशी तिने ती बाटली दिली. दुसऱ्या कुठल्या गावची आई असं करेल, मला वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही इंदूरच्या हॉटेलात पोहोचलो. अश्लेषाने कोटाला इस्त्री केली, मला त्यावर लावलं आणि कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. म्हणजे या वेळी मला सगळं दिसत होतं. ती उद्या म्हणायच्या सूचना आरशापुढे म्हणत होती. दोनदा अडखळली. मग पलंगावर बसली. मग बॅग उघडली.

तिने फडक्याची गाठ सोडली. बाटली कपाळाला लावली, डोळे मिटले, आणि थोडीशी ग्लासात ओतली. दुसऱ्या वेळी बाटली कपाळाला लावायची राहून गेली. चौथ्या वेळी फडकं खाली पडलं, ते तिने उचललं नाही. खिडकीबाहेर अजून फेरीवाले ओरडत होते, एवढ्या लवकर बाटली रिकामी झाली. तिने बोटांवर तास मोजले. मोजून झाले, पुन्हा मोजले. फोन हातात घेतला, ताप आहे असं सांगायला. पण प्रमुख म्हणून पहिलंच उड्डाण. फोन तिने उशीखाली ठेवला.

पहाटे तिने माझ्यावर "हा" केलं आणि मला सगळं कळलं.

पावणेपाच वाजता तिने नळीत फुंकलं. शून्य आलं नाही. वीस मिनिटांनी, एका साक्षीदारासमोर, पुन्हा फुंकायला लावलं. तेव्हाही आलं नाही. आकडा लहानच होता, पण शून्य नव्हता. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "काय घेतलं होतं?"

मी तिच्या छातीवर होतो. आत जे धडधडत होतं ते पहिल्या दिवसासारखंच होतं. म्हणून मला क्षणभर वाटलं, चांगलंच काही होणार.

"प्रसाद," अश्लेषा म्हणाली. "आईने प्रसाद दिला होता."

हे खोटं नव्हतं, मित्रांनो. आणि खरंही नव्हतं. असं काही असू शकतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तिचं ओळखपत्र काढून घेतलं. तीन महिने उड्डाण बंद. बढती थांबली. तीन आठवड्यांत लेखी खुलासा द्यायचा, त्यावरून पुढचं ठरेल, असा कागद मिळाला. मला कोणी मागितलं नाही. मी कोटाबरोबर उज्जैनला आलो.

माईने ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. "मी दिलं. ती नको म्हणत होती, मी दिलं."  मी वाट पाहिली, अश्लेषा आता बोलेल, मग बोलेल. ती आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी माईने मला कोटावरून काढून देवघरात ठेवलं. रोज सकाळी ती काळभैरवाच्या तसबिरीपुढे हात जोडायची आणि हळू आवाजात म्हणायची, "शिक्षा मला कर. तिचे पंख परत दे." आणि मग माझ्याकडे बघायची. मला सगळं ठाऊक होतं. माझ्या पंखाच्या खाचेत तिचंच कुंकू होतं. पण देवाने बिल्ल्याला तोंड दिलेलं नाही.

माईने चहा सोडला. तुम्हाला हे लहान वाटेल. पण माई दिवसातून पाच वेळा चहा प्यायची, आलं ठेचून. तिची सकाळ चहाने उघडायची. आता ती सकाळी कोमट पाणी पिऊन कपाळ दाबत बसायची. दूधवाला आला की सांगायची, माझ्यामुळे झालं. भाजीवालीला सांगायची, माझ्यामुळे झालं. बाबा पेपरमागून सगळं ऐकायचे. एकदा ते अश्लेषाच्या दारापर्यंत गेले, उभे राहिले आणि परत आले.

खुलाशाची मुदत संपायला दोन दिवस राहिले, तेव्हा प्रतिभाकाकू शेवेचा पुडा आणि एक टाइप केलेला कागद घेऊन आल्या. त्यांचा भाचा कोर्टात वकील होता.

"तुषारने एकदम पक्कं लिहून दिलंय," काकू म्हणाल्या. "मी तर म्हणते, देवाच्या प्रसादावर नोकरी घालवतात मतलब काय? हद हो गई. पेपरवाल्यांना बोलावू."

"पेपर नको," बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो भाऊजी. तुम्हाला झेंडी दाखवण्यापलीकडे काय येतं?" काकूंनी चष्मा लावला आणि देवघराजवळच्या पाटावर बसून वाचलं. "माझ्या आईने परंपरेप्रमाणे मला चमचाभर तीर्थ दिले."

माई ऐकत होती. "चमचाभर नको. चमच्याला कोण विचारतं? पेलाभर लिही. मी आग्रह करून पेलाभर पाजलं असं लिही. मी खाली सही करते."

"माई," अश्लेषा म्हणाली.

"तू थांब. माझी चूक, माझी सही. पेन आण."

काकूंनी पर्समधून पेन काढलं. माईने कागद फरशीवर सरळ केला. दुसऱ्या हाताने ती कपाळ दाबत होती. तीन आठवडे चहा नव्हता, त्यामुळे असेल.

"आशू," बाबांनी विचारलं, "प्रसाद किती वाजता घेतलास?"

"बारा."

"आणि नळीत फुंकलंस कधी?"

"पावणेपाच. पहाटे."

बाबांनी उजवा हात वर केला आणि अंगठ्याने बोटांवर तास मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. हळूहळू, गाडी सुटण्याआधी डबे मोजावे तसे. अश्लेषा त्या बोटांकडे बघत राहिली. मी ती बोटं ओळखली. मुंबईच्या खोलीतही तीच बोटं होती, फक्त लहान.

"आम्ही पण फुंकायचो, बेटा," बाबा म्हणाले. "ड्यूटीवर चढायच्या आधी. एकवीस वर्षं आमच्यासोबत एक ड्रायव्हर होता, सोन्यासारखा माणूस. तोही दर वेळी म्हणायचा, कुणीतरी दिलं." एवढं बोलून ते थांबले. मोजणं मात्र थांबलं नाही. सोळावर अंगठा थांबला. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

माईने पेन टेकवलं होतं. तिच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं होतं.

अश्लेषाने कागद ओढून घेतला. पेनाची एक लांब रेघ कागदभर गेली.

"चमच्याने काही झालं नाही, माई. उरलेली सगळी बाटली मी प्यायले. इंदूरला, हॉटेलात. एकटीने. तू भार्गवीसाठी दिली होतीस ना, ती." ती श्वास घ्यायला थांबली. "आणि ती पहिली नव्हती. दोन वर्षं झाली. मला थांबता येत नाही."

 काकूंनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि शेवेचा पुडा उगाच उघडला.

मला वाटलं, माई रडेल. नाहीतर रागावेल. मी तयारीत होतो. माई बराच वेळ मुलीकडे बघत होती, जसं मी यंत्राकडे बघायचो तसं. मग ती म्हणाली, "मग मी चहा कशासाठी सोडला?"

अश्लेषाने हातातला कागद खाली ठेवला.

"तीन आठवडे," माई म्हणाली. "डोकं फुटायची वेळ आली माझी. आणि तू आत बसून बघत होतीस."

"हो," अश्लेषा म्हणाली.

"मला सांगता नाही आलं?"

"तू स्वतःवर घेतलंस, तेव्हा मला बरं वाटलं, माई. खरंच बरं वाटलं. म्हणून नाही सांगितलं."

हे ऐकल्यावर माई रडली. मित्रांनो, इथे माझा पुन्हा गोंधळ झाला. बाटलीचं ऐकून तिला रडू आलं नाही, आणि या एका वाक्याने आलं. अश्लेषा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पातेल्याचा आवाज आला. माईने पदराने नाक पुसलं आणि तिथूनच म्हणाली, "आलं ठेचून घाल. किसू नको."

"प्रतिभा, तू पण घे," बाबा म्हणाले. काकू म्हणाल्या, "अर्धाच द्या," आणि वकिलाच्या कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

खुलासा अश्लेषाने दुसऱ्या दिवशी स्वतः लिहिला, देवघरासमोर बसून. एकच पान. त्यात प्रसादाचं एक वाक्य होतं आणि बाटलीची बाकी सगळी. कंपनीचं उत्तर आलं. नोकरी ठेवली आहे, पण प्रमुखपद गेलं, पुढची दोन वर्षं त्यासाठी अर्जही करता येणार नाही. तीन महिने संपल्यावर डॉक्टरांचा दाखला लागेल, आणि असं पुन्हा झालं तर विमान कायमचं संपलं. तिच्याबरोबर परीक्षा दिलेल्या मुली आता तिच्या वरच्या होतील. हे उत्तर तिने बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "सरळ उभी राहशील ना? मग शेवटच्या डब्यात उभी राहा. मी आयुष्यभर तिथेच उभा होतो."

आता ती आठवड्यातून दोनदा टॉवर चौकापलीकडच्या एका डॉक्टरीण बाईंकडे जाते. बाबा सोबत जातात आणि बाहेर बाकावर पेपर वाचतात. मधे एक दिवस ती संध्याकाळभर हात आवळून बसली होती. माईने त्या दिवशी तिला एकटं सोडलं नाही. तिच्याकडून शेंगा सोलून घेतल्या, दोन किलो. एवढ्या शेंगांचं काय केलं, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मी आयुष्यात अनेक गोष्टी पाहिल्या, पण फार थोड्या समजल्या. एकच वास देवापुढे प्रसाद का होतो, विमानात पाहुणचार का होतो आणि नळीत गुन्हा का होतो, ते मला अजून कळत नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा शोधा. मी एवढंच मागतो. आमच्यासारख्या वस्तूंना तुम्ही रोज घासता, पुसता, डाग पडला तर लगेच बघता. तुमच्या घरातलं माणूस रोज बोटांवर तास मोजत असेल, तर त्याच्याकडेही तसंच बघा. विचारा. आणि तुम्ही स्वतःच ते माणूस असाल, तर तुमची चूक दुसऱ्या कोणी उचलून घेतली म्हणून बरं वाटू देऊ नका. ज्याने उचलली, तो त्यापायी काय सोडून बसला आहे, तेही बघा.

मी पुन्हा उडेन की नाही, मला ठाऊक नाही. तीन महिन्यांतले अजून पाच आठवडे बाकी आहेत. अश्लेषाला कोणी विचारलं तर तीही म्हणते, माहीत नाही.

पण आज सकाळी एक गोष्ट झाली. माईची पूजा झाली होती. अश्लेषा हातात कप घेऊन देवघरापाशी आली. कप खाली ठेवून तिने मला उचललं. टाचणीकडे पाहिलं, नखाने ती थोडी सरळ करायचा प्रयत्न केला. ती झाली नाही. मग तिने मला ओठांजवळ धरलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्यावर "हा" केलं.

माझ्यावर वाफ जमली. कुंकवाचा कण ओला झाला. बाहीने पुसायच्या आधी मी तो श्वास नीट हुंगला, आधी वरून आणि मग अगदी तळापर्यंत. त्यात आल्याचा चहा होता. खाली दुसरं काही नव्हतं.